सोने धुणाऱ्यांच्या वाटेने

नदीच्या नावात सोने असले म्हणून तिच्या वाळूत सोने असतेच असे नाही. आमच्या बोरगावाहून निपाणीमार्गे बेळगावकडे निघाले की संकेश्वरापाशी हिरण्यकेशी भेटते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावून आजरा, गडहिंग्लज असा प्रवास करीत ती येते. नावाप्रमाणे ती सोनेरी केसांची. पण सोने मात्र तिने नावातच ठेवले आहे. आमच्या परिसरातील दूधगंगा आणि वेदगंगा यांचीही तीच कथा. या नद्या ज्या सह्याद्रीतून येतात तो सारा काळ्या कातळाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्याचा. सोने हे त्याहून कितीतरी जुन्या खडकांचे लेकरू. बेळगाव ओलांडून धारवाडच्या बाजूस जाऊ लागले म्हणजे हा काळा कातळ संपतो आणि अडीचशे कोटी वर्षांहून अधिक वयाचे खडक वर येतात. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी त्यांस धारवाडचेच नाव दिले. दक्षिणेतील सोन्याची कुळकथा याच खडकांपाशी सुरू होते.

आम्ही मराठीचे शिक्षक. सोन्याशी आमचा संबंध यावयाचा तो शब्दाच्या निमित्ताने. शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी होन पाडले, हे वर्गात सांगताना 'होन' हा शब्द कन्नड 'होन्नु' म्हणजे सोने यावरून आला, हेही आम्ही सांगतो. सीमेवरच्या आमच्या मुलांना ते पटकन पटते; कारण त्यांच्या एका कानावर मराठी आणि दुसऱ्यावर कन्नड सदैव पडत असते. अशाच एका तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, सोने मातीत असते, मग ते मातीतून वेगळे कसे करतात?" उत्तर आम्ही देण्याआधीच मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "धुऊन." आणि लगेच मान खाली घालून बसला.

त्याने मान का खाली घातली, हे आम्हांस ठाऊक होते. त्याचे घर झारेकऱ्याचे. झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातील केर, शेगडीतील राख आणि दारापुढील माती विकत घेऊन, ती धुऊन, तिच्यातील सोन्याचांदीचे कण वेचणारा. कोल्हापूरची गुजरी असो, बेळगावचे शहापूर असो की सीमेपलीकडचे चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले हुपरी असो, जेथे कानस चालते तेथे कीस पडतो आणि जेथे कीस पडतो तेथे झारेकरी पोहोचतो. हुपरीत तर पैंजण आणि तोरड्या घरोघर घडतात. तेथल्या घरातली झाडलोटसुद्धा उकिरड्यावर जात नाही. आपल्या समाजात या व्यवसायाची पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आणखी एक शाखा आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतील गलाई व्यावसायिक भारतातील लहानमोठ्या शहरांच्या सराफ पेठांतून जुने सोने गाळून शुद्ध करून देतात. दुष्काळी माळावरून उठून परमुलखात मूस मांडणाऱ्या या मंडळींचे सर्वत्र नाव आहे. झारेकऱ्याच्या वाट्याला मात्र ती प्रतिष्ठा आली नाही. विदर्भात आणि मध्य प्रदेशात यांचेच भाऊबंद 'सोनझारी' म्हणून ओळखले जातात. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी आजही वाळू धुणारी कुटुंबे आहेत.

सोने धुण्याची ही विद्या आहे तरी काय? आमच्या वाचक भगिनींना ती नवी वाटू नये. तांदूळ रोळताना त्या हेच करतात. पातेल्यात पाणी घेऊन तांदूळ हलके हलके फिरवले की तांदूळ पाण्याबरोबर वर येतो आणि खडा तळाशी राहतो. तेथे तळाशी राहील ते आपण टाकून देतो. येथे तळाशी राहील त्यासाठीच सारा खटाटोप. सोने पाण्याच्या १९.३ पट जड असते, साधी वाळू सुमारे २.६५ पट. म्हणजे हवेत सोन्याचा कण तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या कणाहून सातपट जड भरतो. पाण्यात बुडवले की दोघांचेही वजन एकेका पटीने घटते. मग हा फरक १८.३ आणि १.६५ यांचा, म्हणजे अकरापट होतो. पाणी सोन्याची बाजू घेते ती अशी. एक तोळा सोने आकाराने वाटाण्यापेक्षा फारसे मोठे नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढेसे कण वाळूतून इतक्या चटकन खाली का दडतात, याचा उलगडा होतो.

रीत सोपी, पण सवयीची. प्रथम माती चाळून दगडगोटे काढावेत. कारण कण जितके एकसारख्या आकाराचे, तितकी निवड चांगली. मग पसरट पात्र पाण्याखाली धरून जोराने हलवावे, म्हणजे जड ते खाली बसते. नंतर पात्र किंचित कलते धरून पाण्याच्या लाटेने वरचा थर थोडाथोडा वाहू द्यावा. पुन्हा हलवावे, पुन्हा वाहू द्यावा. घाई करील त्याचे सोने वाहून जाईल. शेवटी तळाशी काळ्या वाळूची एक शेपटी उरते. ती बहुधा लोहाची. पाण्याहून पाचपट जड. सोने असलेच तर तिच्या टोकाशी पिवळ्या रेघेसारखे दिसते. पात्राला तेलाचा अंश असू नये. तेलकट झालेला सोन्याचा बारीक कण बुडावयाचे सोडून पाण्यावर तरंगत निघून जातो. यावर झारेकऱ्यांचा उपाय रिठ्याचा. रिठ्याचे चार थेंब पाण्यात पडले की पाण्याचा ताण मोडतो आणि रुसलेला कण खाली बसतो. आम्ही हा प्रयोग दूधगंगेची वाळू आणि शिसाचे बारीक छरे घेऊन शाळेत केला. सोने नव्हते, पण काळी शेपटी मिळाली, लोहचुंबकाला ती चिकटली, आणि मोजून टाकलेल्या वीस छऱ्यांपैकी एकोणीस परत मिळाले. हा प्रयोग ज्याच्या हातून सर्वांत सुबक झाला तो विद्यार्थी मागच्या बाकावरचाच होता, हे सांगावयास नकोच. शिसे विषारी असल्याने छऱ्यांना चिमटा लावला आणि नंतर सर्वांनी साबणाने हात धुतले, हेही नमूद करतो.

या प्रयोगानंतर त्या मुलाच्या आजोबांशी आमची ओळख वाढली. आपले पूर्वज 'डंबळच्या डोंगराकडून' आले, अशी त्यांच्या घरची समजूत. तेव्हा दसऱ्याच्या सुटीत आम्ही दोघे शिक्षक आणि ते आजोबा असे तिघे डंबळच्या वाटेला लागलो. निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी करीत बस गदगला पोहोचते. गदग म्हणजे पंडित पुट्टराज गवयांच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचे गाव. पंडित भीमसेन जोशी यांचा जन्म याच भागातल्या रोणचा. जवळचे लक्कुंडी एकेकाळी टांकसाळीसाठी नावाजलेले होते. सोन्याच्या ओढ्यांपासून इतक्या जवळ टांकसाळ असावी, हा योग मनोरंजक खरा.

गदगच्या आग्नेयेस डंबळ. तेथील दोड्डबसप्पाचे बाराव्या शतकातील मंदिर पाहून आम्ही थक्क झालो. चौकोन सतत फिरवीत नेऊन काढलेल्या चोवीस कोनांच्या ताऱ्यावर गाभारा उभा आहे. भिंतीवर उजेड पडला की प्रत्येक कोनाची सावली निराळी. डंबळचे जुने नाव धर्मवोळल. इसवी सन १०९५ चा येथील शिलालेख तारादेवीच्या आणि व्यापाऱ्यांनी बांधलेल्या बौद्ध विहाराच्या दानाविषयी सांगतो. दक्षिणेत बौद्ध धर्म इतक्या उशिरापर्यंत नांदत होता, याचा हा महत्त्वाचा पुरावा.

गावापलीकडे कप्पतगुड्डाची रांग दिसू लागली. गदगपासून तुंगभद्रेच्या दिशेने गेलेली ही डोंगरांची ओळ पावसाळ्यानंतर हिरवी आणि उन्हाळ्यात तांबडी. औषधी वनस्पतींसाठी तिची ख्याती, माथ्यावर पवनचक्क्या. हिच्या उतारावरून डोणी, सोरटूर या गावांकडे जे ओढे उतरतात त्यांच्या वाळूत सोन्याचे कण सापडत. ते धुणाऱ्यांना कन्नडमध्ये 'जलगार' म्हणत. पहिल्या मोठ्या पावसाने ओढे खळखळून गेले की हे लोक लाकडी काथवटीसारखी पात्रे घेऊन बाहेर पडत. फूट यांनी १८७४ साली या डोंगरांतील सुवर्णधारी खडकांवर भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षण खात्यासाठी टिपण प्रसिद्ध केले. त्यांचाही मोठा आधार जलगारांच्या अनुभवाचाच होता. हेच फूट ज्यांनी १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार ओळखले.

या भूमीशी मराठी मुलखाचे नाते जुने आहे. पायथ्याचा शिरहट्टी तालुका सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होता; बेळगावला लागून असलेले शहापूरही त्याच संस्थानाचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज कंपन्यांनी येथे खाणी खोदल्या तेव्हा त्यांपैकी एकीचे नावच 'सांगली' असे पडले. होसूर, कबुलायतकट्टी, अत्तिकट्टी येथेही खाणी निघाल्या आणि फार काळ न चालता थांबल्या. कोलारचे नशीब मोठे. १८८० पासून तेथे जॉन टेलर कंपनीने खोदाई केली, १९०२ मध्ये शिवनसमुद्राची वीज आली, खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी तीही बंद पडली. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची सरकारी खाण मात्र आजही चालू आहे. यंत्रे आली आणि गेली. त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतरही ओढ्याकाठी उभा होता तो जलगार.

एका ओढ्याच्या काठी आजोबा उकिडवे बसले. मूठभर वाळू त्यांनी तळहातावर घेतली, बोटाने पसरली, उन्हात धरली आणि पुन्हा ओढ्यात सोडून दिली. आमच्या सहकारी शिक्षकांनी, "काका, एकदा धुऊन पाहायचे का?" असे विचारले. ते म्हणाले, "न्हाई गुरुजी. हितं पाणी हाय, पर हक्क न्हाई." त्यांचे म्हणणे कायद्याप्रमाणेही बरोबर होते. कप्पतगुड्डा २०१९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. तेथून काही उचलून नेणे वन्यजीव कायद्यात बसत नाही. शिवाय खनिज म्हणून सोने काढावयास सरकारचा परवाना लागतो. येथे मोठ्या खाणीसाठी प्रयत्न झाले, तेव्हा या भागातील मठाधीशांनी आणि लोकांनी डोंगर वाचविण्यासाठी आवाज उठविला. डोंगर राहिला, हे चांगलेच झाले. आम्हीही हात न लावता परतलो.

छंद म्हणून सोने धुण्याची सोय परदेशी आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १८५१ साली सोन्याची धावपळ उडाली. तेथे आजही साध्या हत्यारांनी सोने शोधण्याचा परवाना सामान्य माणसाला मिळतो, आणि बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिल या १९७० पासूनच्या उघड्या संग्रहालयात पर्यटकांच्या हाती पात्र देतात. मेलबर्नला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी मुलांना अवश्य न्यावे. छंदिष्टांची खरी अडचण मात्र नदीवर नसते, ती घरी आल्यावर असते. दिवसभर धुऊन बादलीभर काळी वाळू जमते. तिच्यातले पिठासारखे बारीक सोने काढावयाचे कसे? यासाठी त्यांनी आटोपशीर साधने काढली आहेत. एक म्हणजे आडव्या पट्ट्या ठोकलेला, खाली जाड गालिचा अंथरलेला लहान पन्हळ; पट्ट्यांमागे पाण्याचा भोवरा होऊन जड कण अडकतात. यात नवे काही नाही. काळ्या समुद्राच्या पूर्वेस कॉल्किस देशी लोक ओढ्यात मेंढीची लोकरी कातडी पसरून सोने धरीत, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने लिहून ठेवले आहे. दुसरे साधन म्हणजे मध्यभागी उंचवटा आणि भोक असलेली मोठी वाटी. पाणी कडेने शिरून गोल फिरते, हलकी वाळू चढून मधल्या भोकातून निघून जाते, सोने तळाशी राहते. तिसरे, नागमोडी खाचांचे कलते चाक. ते फिरताना सोन्याला खाचेतून वर नेऊन मधल्या छिद्रात टाकते. तिन्हींना एक बादली पाणी आणि एक लहानसा पंप पुरतो. तेच पाणी फिरून फिरून वापरता येते.

ही साधने आम्ही येथे इतक्या तपशिलाने सांगतो, याला कारण आहे. परतीच्या प्रवासात आजोबांचा चहाचा पेला हातात थरथरत होता. ते वयाचे लक्षण की आणखी कशाचे, हे वैद्याने सांगावे. पण बोलता बोलता त्यांनी सांगितले की उरलेल्या काळ्या मातीत पारा चोळावयाचा, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा चुलीवर तापवावयाचा. "पारा उडून जातो, सोनं राहतं," ते म्हणाले. उडून जातो, पण कोठे? घरातच. पाऱ्याच्या वाफेला ना रंग ना वास. ती श्वासातून शरीरात जाते आणि मेंदूला व मूत्रपिंडांना इजा करते. तान्ह्या मुलांना धोका अधिक. जपानमधील मिनामाता या गावी कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांतून माणसांत आला, आणि १९५६ पासून त्या गावाचे नाव एका रोगाला चिकटले. त्याच गावाच्या नावाने २०१३ साली राष्ट्रांनी करार केला. तो २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. करार दिल्लीपर्यंत आला. आमच्या गावाच्या कडेला असलेल्या चुलीपर्यंत तो अजून यावयाचा आहे.

पाऱ्याची गरज पडते ती धुणे अपुरे राहिल्यामुळे. माती जितकी नीट आटवावी, तितका पारा अनावश्यक होतो. फिलिपिन्समधील बेंगेट प्रांतातील लहान खाणकामगार पाऱ्याऐवजी टाकणखार वापरतात. धुऊन धुऊन मूठभर उरलेल्या जड वाळूत टाकणखार मिसळून मुशीत तापवला की बाकीचे वितळून वर येते आणि सोने तळाशी गोळा होते. टाकणखार तर प्रत्येक सोनाराच्या पेटीत असतो! म्हणजे छंदिष्टांच्या खेळातील ती फिरती वाटी आणि सोनाराच्या पेटीतील तो पांढरा खार, एवढ्या दोन गोष्टींनी एका घरातील हवा विषमुक्त होऊ शकते.

सुटी संपल्यावर आम्ही शाळेत असे एक पात्र बनविण्याचे ठरविले. जुनी परात, मध्ये बसविलेले नरसाळे, कूलरचा लहान पंप. विज्ञानाच्या शिक्षकांनी आणि मागच्या बाकावरच्या मुलाने मिळून ते उभे केले. पहिल्या दोन वेळा वाळूबरोबर छरेही गेले. तिसऱ्या वेळी पाण्याचा जोर कमी केल्यावर छरे राहिले. आजोबा ते पाहावयास आले. बराच वेळ निरखून म्हणाले, "हात शिकला तर ह्याची गरज न्हाई. पर हात आता कोन शिकनार?" मग ते पात्र आठवडाभरासाठी घरी नेऊ का, असे त्यांनीच विचारले. आम्ही आनंदाने होकार दिला. चुलीवरचा गोळा अंगणात, घरापासून दूर न्यावा, तोवर मुलांना जवळ फिरकू देऊ नये, एवढे मात्र आम्ही बजावून सांगितले. आणि अंगणातही धोका टळत नाही, पारा सोडणे हाच खरा उपाय, हेही सांगितले.

एक शब्द राहिला. कन्नडमध्ये 'जलगार' म्हणजे सोने धुणारा, आणि 'जलगार' म्हणजे रस्ता झाडणाराही. कुवेंपूंचे 'जलगार' नावाचे नाटक १९२८ सालचे. त्यात रस्ता झाडणाऱ्यापुढे प्रत्यक्ष शिव प्रकट होतो. दोन्ही कामे एकाच शब्दात बसावीत, याचे कारण उघड आहे. दोघेही आपल्या दारापुढची माती उचलतात. शहरांतून झारेकऱ्याला सोन्याच्या कणांसाठी सराफ गल्लीच्या गटारीत हात घालावा लागतो, ही गोष्ट आपण सणावाराला सोने घेताना आठवीत नाही. तेव्हा वाचकांपैकी जे सराफीच्या धंद्यात असतील त्यांना आमची विनंती आहे. दुकानातला केर आणि राख आतच साठवून ठेवावी आणि झारेकऱ्याला ती योग्य भावाने, कोरडी, हातात द्यावी. त्याला गटारीत उतरावयास लावू नये. आणि त्याच्या घरचे मूल शाळेत येत असेल, तर ते येत राहील असे पाहावे. विद्या त्याच्या घरी आहेच. तिला पुस्तकाची जोड मिळाली तर तोच मुलगा उद्या खनिजांचा अभ्यासक होईल. तूर्त तो आमच्याकडे नववीत आहे आणि विशिष्ट गुरुत्वाचे गणित तो वर्गात सर्वांच्या आधी सोडवितो.